पाठीमागे उभे असलेले

‘शोले’ हा चित्रपट १५ ऑगस्ट १९७५ रोजी प्रदर्शित झाला. मी तो पाहिला १९८१ च्या उन्हाळ्यात, आमच्या तालुक्याच्या गावी आलेल्या टुरिंग टॉकीजच्या तंबूत. थोरल्या मामांनी आम्हा सात-आठ भाचरांना बैलगाडीतून नेले होते. पडद्यावर काय घडणार हे तंबूतल्या बहुतेकांना आधीच ठाऊक होते. या चित्रपटाच्या गाण्यांबरोबर त्याच्या संवादांचीही तबकडी निघाली होती, आणि गणेशोत्सवात, लग्नाच्या मांडवात, चहाच्या हॉटेलात ती इतकी वाजली होती की गब्बरसिंगाचे बोलणे चित्रपट न पाहिलेल्या बायकांनाही तोंडपाठ झाले होते. त्यामुळे त्या तंबूत प्रेक्षक चित्रपट पाहत होते असे म्हणण्यापेक्षा, ऐकलेल्या वाक्यांना चेहरे मिळतात कसे ते पडताळून पाहत होते, असे म्हणणे अधिक योग्य ठरेल.

सूरमा भोपालीच्या प्रसंगाला सर्वांत मोठा हशा पिकला, आणि त्यात सर्वांत मोठा आवाज मामांचा होता. हे मला पुढे अनेकदा आठवले, म्हणून येथे नोंदवून ठेवते.

प्रसंग आपणांपैकी बहुतेकांनी पाहिलेला असेल. जगदीप यांनी रंगविलेला सूरमा भोपाली हा लाकडाच्या वखारीचा मालक. जय आणि वीरू या दोघा चोरट्यांनीच त्याला सुचविलेले असते, की त्याने आपल्याला पोलिसांच्या हवाली करावे, सरकारी बक्षीस घ्यावे आणि आपण बाहेर आलो की त्यातला वाटा आपल्याला द्यावा. म्हणजे पकडापकडी अशी काही घडलेलीच नाही. घडला आहे तो एक व्यवहार. पुढे वखारीत चार माणसे गोळा करून सूरमा आपल्या शौर्याची कथा सांगत बसतो: आपण एकट्याने त्या दोघांना कसे आव्हान दिले, कसे नमविले. ऐकणारे ‘मग काय झाले’ म्हणून पुढे ढकलतात आणि कथा चढत जाते. नेमके त्याच वेळी ते दोघे येऊन त्याच्या पाठीमागे उभे राहिलेले असतात. सूरमा वळतो, पाहतो, आणि त्याच्या तोंडातले वाक्य तेथेच गोठते.

हा प्रसंग काही मिनिटांचाच आहे, आणि सूरमा भोपालीचे संपूर्ण चित्रपटातले अस्तित्वही थोडेसेच आहे. तरीही १९३९ साली दतिया येथे जन्मलेल्या आणि २०२० साली निवर्तलेल्या जगदीप यांना लोक आयुष्यभर त्याच नावाने ओळखत राहिले. बिमल रॉय यांच्या ‘दो बीघा जमीन’मध्ये (१९५३) बूटपॉलिश करणाऱ्या चुणचुणीत पोराची भूमिका त्यांनीच केली होती, हे आज फारसे कुणाला स्मरत नाही. ‘शोले’चे लेखक सलीम–जावेद. त्यांपैकी जावेद अख्तर यांचे महाविद्यालयीन शिक्षण भोपाळच्या सैफिया महाविद्यालयात झाले होते. त्यामुळे तेथील बोलीचे ते लांबवलेले स्वर आणि वाक्याच्या शेवटी येणारे ते ठसके पडद्यावर आले, ते ऐकीव माहितीवरून आलेले नाहीत. भाषाविज्ञानाच्या वर्गात मी हा प्रसंग अनेकदा उदाहरणादाखल घेते. प्रमाण हिंदीत तीच बढाई मारून पाहा असे विद्यार्थ्यांना सांगते. ती उद्दाम वाटते. भोपाली बोलीत ती गोड वाटते. बोलीला विनोदाच्या दारातूनच प्रवेश द्यायचा, ही आपल्या चित्रपटांची जुनी खोड आहे आणि ती मला मान्य नाही. परंतु तो वेगळा विषय झाला.

माझा मुद्दा येथे ऐकणाऱ्यांविषयी आहे. वखारीत बसलेल्या त्या चार माणसांकडे आपण पाहतच नाही. वास्तविक बढाई त्यांच्यावाचून होऊच शकत नाही. आपल्याकडे गोष्ट सांगणारा म्हातारा पोरांना दरडावून म्हणतो, ‘हं म्हणा, नाहीतर मी थांबतो.’ त्या ‘हं’ला आपण हुंकार म्हणतो. हुंकार देणारा नुसता ऐकत नसतो. तो कथेला परवानगी देत असतो. विल्यम लबॉव या अमेरिकन भाषावैज्ञानिकाने रोजच्या बोलण्यातील अनुभवकथनांचा अभ्यास केला. त्याचे एक निरीक्षण असे, की सांगणाऱ्याला सतत एका प्रश्नाचे भय असते: ‘बरं, मग त्याचं काय?’ हा प्रश्न कुणी विचारू नये यासाठीच त्याची सारी धडपड चाललेली असते. मराठीत गंमत अशी, की ‘मग?’ हा एकच शब्द दोन्ही कामे करतो. वरच्या सुरात उच्चारला तर कथा पुढे जाते आणि सपाट सुरात उच्चारला तर मरते. सूरमाचे श्रोते तो वरच्या सुरात उच्चारीत होते.

बढाईसाठी मराठीत जे शब्द आहेत त्यांची ठेवणही हेच सांगते. शेखी, प्रौढी, टेंभा, तोरा हे सारे आपण ‘मिरवतो’. मिरवणे ही क्रिया एकट्याने करता येत नाही. बंद खोलीत मिरवणूक निघत नाही. दुसऱ्या बाजूला बाता, थापा, फुशारक्या या आपण ‘मारतो’. आणि ज्या क्रियापदाने थापा मारतो त्याच क्रियापदाने गप्पाही मारतो. म्हणजे भाषेच्या लेखी बढाईखोर आणि मित्रमंडळीत रमलेला माणूस हे एकाच घरातले आहेत. ‘बढाई’ हा शब्द हिंदीतून आला. हिंदीत ‘बड़ाई’ला मोठेपणा आणि स्तुती हेही अर्थ आहेत; मराठीत येताना त्यातला खरा मोठेपणा गळून पडला आणि खोटा तेवढा उरला. ‘वल्गना’ हा संस्कृत शब्द तर मुळात उड्या घेत, दौडत जाण्याचा; घोड्याच्या लगामाला ‘वल्गा’ म्हणतात तेही याच कुळातले. घोड्याचा उल्लेख पुढेही येणार आहे.

ऐकणाऱ्याची ही भागीदारी फार जुन्या काळापासून ओळखलेली आहे. प्लॉटस या रोमन नाटककाराचे बढाईखोर शिपायावर रचलेले एक नाटक आहे. त्याच्या पहिल्याच प्रवेशात शिपायाच्या पराक्रमांची यादी त्याचा एक आश्रित वाचतो आणि प्रत्येक आकडा फुगवतो. प्रेक्षकांकडे वळून तो कबूल करतो, की हे सारे पोटासाठी चालले आहे. कान झिजवले नाहीत तर दातांना काम मिळणार नाही. हुंकाराचे असे रोख मोल त्याने लावले आहे.

‘शोले’मध्येच दुसरा बढाईखोर आहे, तो असरानी यांचा तुरुंगाधिकारी. पुण्याच्या चित्रपटविषयक संस्थेत शिकलेल्या या गुणी नटाने त्या पात्राला मिशीपासून चालीपर्यंत जी ठेवण दिली, तिच्यामागे चॅप्लिनचा १९४० मधील ‘द ग्रेट डिक्टेटर’ आणि त्याच्याही मागे खुद्द हिटलर उभा आहे. हा अधिकारी पराक्रम सांगत नाही; तो आपली नेमणूक सांगतो. आपण इंग्रजांच्या जमान्यातले आहोत, ही त्याची बढाई. ज्या राजवटीला जाऊन पाव शतक उलटून गेले तिच्या नावावर हा माणूस मोठा. सैनिकांना तो फर्मावतो, की निम्म्यांनी इकडे जावे, निम्म्यांनी तिकडे जावे आणि बाकीच्यांनी आपल्यामागून यावे. अंकगणिताने आपले काम केलेले असते. त्याच्या मागे कुणीच उरत नाही. सूरमाच्या मागे नको ती माणसे उभी असतात आणि याच्या मागे हवी ती नसतात. दोन्ही वेळा हशा पाठीमागच्या त्या जागेतूनच उठतो, ही रचना मला फार विचारपूर्वक केलेली वाटते.

आता गब्बरसिंगाकडे पाहा. तोही बढाईच मारतो; किंबहुना चित्रपटातली सर्वांत मोठी बढाई त्याचीच आहे. मात्र ती तो स्वतःच्या तोंडाने उच्चारीत नाही. सरकारने आपल्या डोक्यावर किती बक्षीस लावले आहे, हे तो खडकावर बसलेल्या सांभाला विचारतो आणि आकडा सांभाच्या तोंडून येतो. पन्नास पन्नास कोसांवर रडणारे मूल आपल्या नावाने झोपते, हे सांगतानाही तो आयांचे बोलणे उद्धृत करतो. व्याकरणाच्या भाषेत सांगायचे तर गब्बरची थोरवी सदैव दुसऱ्याच्या अवतरणचिन्हांत असते. येथे हसत कुणी नाही, आणि गब्बर स्वतः हसतो तेव्हा तर मुळीच नाही. जेफ्री लीच यांनी १९८३ साली संभाषणातील सौजन्याची जी पथ्ये मांडली, त्यांत स्वतःची स्तुती कमीत कमी करावी असे एक पथ्य आहे. गब्बर ते काटेकोरपणे पाळतो! ज्याच्या हाती सत्ता आहे त्याला स्वतःविषयी बोलावे लागत नाही. त्याच्या वतीने बोलणारी माणसे ठेवलेली असतात. बढाई स्वतःच्याच तोंडाने मारावी लागते ती ज्याच्याकडे असा सांभा नसतो त्याला.

सत्ता आणि वटवट ही दोन्ही एकाच ठिकाणी आली तर काय होते, याचे उत्तर शूद्रकाच्या शकाराने देऊन ठेवले आहे. गिरीश कार्नाड यांच्या ‘उत्सव’मध्ये (१९८४) शशी कपूर यांनी तो साकारला. राजाचा मेव्हणा एवढीच त्याची पुंजी. मूळ नाटकात त्याची भाषा सदोष, पुराणातले दाखले हटकून चुकलेले, सीतेच्या जागी द्रौपदी आणि रामाच्या जागी भलताच कुणी. प्रारंभी आपण हसतो. परंतु तोच माणूस वसंतसेनेचा गळा आवळतो. त्याच्याभोवतीच्या हुंकाऱ्यांनी त्याच्या चुका वेळीच दाखविल्या असत्या तर, असा विचार मनात येतो. पण मेव्हण्याच्या चुका कोण दाखविणार?

तात्पर्य असे, की बढाईखोर या नावाखाली आपण निरनिराळी माणसे एकत्र कोंबतो. त्यांतला जो उघडा पडतो, ज्याला आपण मनमुराद हसतो, तो बहुधा सर्वांत निरुपद्रवी असतो. हे मला पुस्तकातून कळले नाही. फार उशिरा, आणि फार जवळून कळले.

माझे थोरले मामा साखर कारखान्यात वजनकाट्यावर कारकून होते. आजोबा लवकर गेल्यामुळे घर त्यांच्यावर पडलेले. दिवसभर उसाच्या गाड्यांची वजने लिहिणारा हा माणूस रात्री जेवणे झाल्यावर ओट्यावर बसला, की वेगळाच होई. त्यांच्याजवळ पाच-सहा हुकमी कथा होत्या. पंचगंगेच्या महापुरात पोहत जाऊन वाचवलेली म्हैस, पैलवानाशी लावलेली पैज, आणि या सर्वांचा मुकुटमणी म्हणजे घोड्याची कथा. कोल्हापूरच्या जयप्रभा स्टुडिओत भालजी पेंढारकर शिवाजी महाराजांवर चित्रपट करीत होते. घोडदळासाठी माणसे कमी पडली. तेव्हा फाटकाशी उभ्या असलेल्या मामांना भालजींनी स्वतः हाक मारली. पांढरा घोडा दिला. आणि मामांनी तो असा काही फेकला, की महाराजांच्या वेशातले चंद्रकांत मांढरे मान वळवून पाहत राहिले. येथे मामा मान वळवून दाखवीत. ही मान वळवणे इतके हुबेहूब असे, की मांढऱ्यांना मी पुढे पडद्यावर पाहिले तेव्हा ते मामांची नक्कल करीत आहेत असे मला वाटले.

‘शोले’ पाहून परत येताना, बैलगाडीत, मामांनी सूरमा भोपालीची अख्खी नक्कल केली. आम्ही हसून हसून लोळलो. ते करीत असताना त्यांना स्वतःचा घोडा आठवला असेल का? मला त्या वेळी आठवला नव्हता.

तो आठवला त्याच वर्षीच्या दिवाळीनंतर. धाकट्या मावशीला पाहायला मंडळी यायची होती. मी तेव्हा सातवीत होते, स्कॉलरशिप मिळवलेली होते, आणि घरातले सर्व कागद वाचून काढण्याचे मला वेड होते. मामांच्या शाळा सोडल्याच्या दाखल्यावर त्यांचे जन्मवर्ष १९४४ असल्याचे मी पाहिले होते. आणि भालजींवरच्या एका लेखात ‘छत्रपती शिवाजी’ हा चित्रपट १९५२ सालचा असल्याचे वाचले होते. दोन आकडे माझ्याजवळ कित्येक दिवस पडून होते. वजाबाकी मी केलेली होती. ती दाखविण्यासाठी प्रसंग तेवढा हवा होता.

मुलाकडची माणसे ओट्यावर बसलेली. मुलाचे काका कुठल्याशा सहकारी संस्थेत पदाधिकारी होते आणि ते आपल्या ओळखी सांगत होते. कुणाला कसे बोलावून घेतले, कुणाच्या गाडीतून कसे गेलो. अशा बैठकीत मुलीकडच्यांनी ‘हो का, वा!’ एवढेच म्हणायचे असते. मामा बराच वेळ तसे म्हणत राहिले. नंतर चहा आला आणि मामांनी घोडा बाहेर काढला. त्या दिवशी तो त्यांनी फार सुरेख सांगितला. पाहुणे पुढे सरकून ऐकू लागले. ते काकासुद्धा ‘मग?’ म्हणाले, वरच्या सुरात. मामा फाटकापाशी आले, भालजींनी हाक मारली, घोडा आणला गेला.

मी दाराच्या चौकटीपाशी, मामांच्या पाठीमागे उभी होते. शाळेत शिकलेल्या स्वच्छ प्रमाण मराठीत मी म्हणाले, “पण मामा, तो चित्रपट तर १९५२ सालचा आहे. तेव्हा तुम्ही आठ वर्षांचे होता.”

क्षणभर कुणी काही बोलले नाही. मग ते काका मोठ्याने हसले आणि पाठोपाठ सगळेच हसले. मामा वळले. त्यांनी माझ्याकडे पाहिले, आणि तेही हसले. “हुशार हाय आमची भाची,” ते पाहुण्यांना म्हणाले, “हिच्यापुढं काय चालायचं न्हाई बगा.” मावशीचे लग्न ठरले, झाले, उत्तम झाले. मला घरात कुणी रागावले नाही. आईने फक्त रात्री अंथरूण घालताना विचारले, “मिळालं काय तुला?”

या प्रश्नाचे उत्तर मला आता देता येते. मला तेच मिळाले जे मामांना घोड्यावरून मिळत होते: चार माणसांनी मान वळवून पाहणे. माझी वजाबाकी हीदेखील बढाईच होती. फरक इतकाच, की ती खरी होती. आणि खरी असल्यामुळे तिला कुणी बढाई म्हटले नाही.

त्यानंतर मामांनी माझ्यासमोर कथा सांगितल्याचे मला आठवत नाही. इतरांसमोर सांगत असतील. मी ओट्यावर आले की विषय पावसाकडे किंवा ऊसदराकडे वळे. पुढे दूरदर्शनवर ‘मुंगेरीलाल के हसीन सपने’ ही मालिका लागली. तिच्यात रघुवीर यादव यांचा मुंगेरीलाल भर कामाच्या वेळी स्वप्नांत शिरतो आणि तेथे सगळे काही जिंकतो. ही मालिका गमतीची म्हणून सर्वत्र पाहिली गेली. माझ्या मात्र घशाशी काहीतरी येई. मुंगेरीलाल बढाई मारीत नाही, कारण त्याला हुंकार देणारे कुणीच नाही. ऐकणारा काढून घेतला की बढाई आत वळते, एवढेच त्या मालिकेत मला दिसत राहिले.

याच सुमारास रविवारी सकाळी ‘महाभारत’ चाले. विराटपर्वातला उत्तर आपणांस माहीत आहे. कौरवांनी गायी वळवून नेल्याची वार्ता येते तेव्हा तो अंतःपुरातील स्त्रियांसमोर गर्जना करतो, की सारथी तेवढा मिळू द्या, एकटाच कौरवांना लोळवतो. बृहन्नडेच्या वेशातला अर्जुन सारथी होतो. समोर कौरवसेना पाहताच उत्तर रथातून उडी टाकून पळत सुटतो, आणि अर्जुन त्याला धरून परत आणतो. लोक कथा येथेच थांबवतात, कारण हशा येथे आहे. मूळ कथा मात्र पुढे जाते. अर्जुन त्यालाच सारथी करतो, युद्ध जिंकतो, आणि परतताना सांगतो, की हा विजय तू तुझाच म्हणून सांग. म्हणजे बढाई मारायची परवानगी खुद्द अर्जुनाने दिली आहे, साक्षीदार कुणी नाही, आणि नगरात विराट राजा पुत्राच्या पराक्रमाने इतका फुलून गेला आहे, की द्यूत खेळताना बृहन्नडेचे नाव घेणाऱ्या कंकाच्या तोंडावर तो फासा मारून रक्त काढतो. एवढी सिद्धता असताना उत्तर काय सांगतो? हे मी केले नाही; कुणा देवपुत्राने केले.

व्यासांच्या या प्रसंगाला मी फार मानते. उत्तराला अर्जुनाने पळताना पाहिले होते, तरी ते भर सभेत बोलून दाखविले नाही. वजाबाकी त्यालाही येत होती.

पुढे मी भाषाविज्ञान घेतले, आणि डॉक्टरेटसाठी आमच्याच भागातील बोलीचे ध्वनिमुद्रण करीत गावोगाव हिंडले. ध्वनिमुद्रक समोर ठेवला की माणूस जपून, शुद्ध बोलू लागतो, ही क्षेत्रकार्यातली नेहमीची अडचण. लबॉवने तिच्यावर काढलेली तोड प्रसिद्ध आहे: माणसाला त्याच्यावर ओढवलेला जिवावरचा प्रसंग सांगायला लावावे, सांगण्याच्या भरात तो यंत्र विसरतो. मीही तेच केले. महापूर, विंचू, वाघ, पैजा. माझ्याजवळ अशा कथांच्या कित्येक ध्वनिफिती आहेत. त्यांतल्या निम्म्या धादांत खोट्या आहेत हे मला सांगणारा सांगत असतानाच कळत होते, आणि मी वरच्या सुरात ‘मग?’ म्हणत होते. क्रियापदांची जी रूपे शाळेने पुसून टाकली ती याच फुशारक्यांत मला जिवंत सापडली. माझ्या प्रबंधातले एक अख्खे प्रकरण त्यांवर उभे आहे. परक्या गावांतल्या परक्या माणसांना मी हे ऐकणे दिले.

मामांच्या आवाजाची एकही ध्वनिफीत माझ्याजवळ नाही.

चार वर्षांपूर्वी ते अंथरुणाला खिळले होते तेव्हा भेटायला गेले. दृष्टी जवळजवळ गेलेली होती, पण बोलणे स्पष्ट होते. घरातले सगळे शेतावर गेलेले. आम्ही दोघेच होतो. इकडचे तिकडचे विचारून झाल्यावर मी म्हणाले, “मामा, ते जयप्रभातल्या घोड्याचं सांगा की.”

ते बराच वेळ गप्प राहिले. मला वाटले, ऐकू गेले नसावे.

“नको,” ते म्हणाले. “तू साल इचारशील.”

मी विचारणार नाही असे म्हटले. पिशवीत ध्वनिमुद्रक होता. तो मी काढला नाही. आणखी काही वेळाने त्यांनी उशीवर मान थोडीशी वळवली, अगदी चंद्रकांतांसारखी, आणि सांगू लागले. फाटक आले, भालजींची हाक आली, घोडा आला. या वेळी तो काळा होता.

मी “मग?” म्हणाले.